पुढील पत्र येईपर्यंत

माणसाला आपलं जुनं अक्षर अचानक भेटलं तर ओळख द्यावी की मान फिरवून पुढं जावं, याचा काही रिवाज नाही. कानिफनाथला ते श्रीरामपुरातल्या त्याच्याच फ्लॅटमध्ये भेटलं, सकाळी साडेदहाच्या सुमारास, हातात चहाचा कप असताना. समोर त्याची थोरली बहीण गोजरबाई बसली होती. मिरजगावाहून पहाटेची गाडी धरून, नगरला गाडी बदलून (पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, कंडक्टर मात्र अजून नगर-नगर म्हणूनच हाका मारतो) ती न कळवता आली होती. नवऱ्याचं तेरावं होऊन महिना झाला नव्हता. त्यानं म्हटलं, काय गं आक्का, फोन तरी करायचा, मी स्टँडवर आलो असतो. तर म्हणाली, फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. मग तिनं पिशवीतून बिस्किटांचा एक गंजलेला डबा काढला आणि त्यातली कागदांची घडी त्याच्या मांडीवर ठेवली. शेतातल्या छपरात आढ्याला खोचलेला हा डबा सापडला, म्हणाली. दाजी इतकी वर्षं जिथं निजायचे, तिथंच. गावात कुणाकडून वाचून घ्यावं तर संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा. आपलं माणूस एकच, ते इथं. कानिफनं चष्मा लावला आणि घडी उलगडली.

छापील फॉर्म होता. वर सिंहाचं चित्र, खाली ठळक अक्षरात 'मज्जासंजीवन', त्याखाली 'नर्व्हस डेबिलिटी, स्मृतिभ्रंश, पाठीतील कळ व पुरुषत्वाचा ऱ्हास यांवर विलायती सिद्ध औषध'. आणि तळाला, 'विशेष सूचना' अशी छापील ओळ होती तिथं, निळ्या शाईनं चार ओळी. सरळ, टपोऱ्या, एकही काना वाकडा नाही. शाळेत असताना या अक्षरावर मास्तरांनी त्याला सगळ्या वर्गापुढं उभं केलं होतं.

काय लिवलंय, गोजरबाईनं विचारलं. तो म्हणाला, थांब, बारीक हाय. अक्षर काही बारीक नव्हतं. त्यानं नुसता वेळ मागितला, आणि तिनं दिला. वेळ देण्याच्या बाबतीत ती कायमच उदार. लहानपणी तो परवचा म्हणताना अडखळला की बाप कान पिळायचा, ही मात्र चुलीपाशी बसून वाट बघायची, जणू पुढचं पाऊणकं त्याच्या तोंडून आल्याशिवाय भाकरी उलटायचीच नाही. ती स्वतः शाळेत गेली नाही. तिला गुरांमागं पाठवून घरानं याला शिकवलं, आणि शिकून या पठ्ठ्यानं काय केलं, तर पंचविसाव्या वर्षी इथं श्रीरामपुरात रेल्वेफाटकाजवळच्या एका औषधाच्या दुकानात पत्रं लिहायची नोकरी धरली. दुकानाच्या शेठचे आजोबा म्हणे नगरजवळच्या भिंगार कॅम्पात कुण्या साहेब डॉक्टरकडं कंपाउंडर होते. राणीच्या राज्यात विलायतेहून बाटल्या यायच्या, कामाच्या काळजीनं खचलेल्या साहेब लोकांसाठी. त्यांच्यासोबत एक पुस्तिकाही यायची. साहेब गेला, बाटली संपली, पुस्तिका उरली. आजोबांनी तिच्यावरून धंदा उभा केला. साखरेचा पाक, थोडं लोह, दालचिनी, आणि घशाला चटका बसावा एवढं स्पिरिट. औषध म्हणजे पाणीच, पण प्रश्न मात्र अस्सल विलायती होते. पहाटे उठल्यावर थकवा वाटतो काय? चारचौघांत जाण्याची लाज वाटते काय? आपले आयुष्य वाया गेले असे मनात येते काय? आता सांगा, कुणाच्या मनात येत नाही? भिंतीभिंतींवर हे प्रश्न गेरूनं रंगवलेले असायचे आणि त्यांच्या उत्तरादाखल रोज पोतंभर टपाल यायचं.

त्या दुकानाची एक रीत होती, आणि ती शेठचा एकमेव चांगुलपणा होता असं कानिफला परवापरवापर्यंत वाटायचं. टपाल शेठ स्वतः फोडायचे. कात्री घेऊन प्रत्येक पत्राचा माथा कापायचे. नाव, गाव, तालुका, सगळं त्या पट्टीवर. पट्टीला नंबर, पत्राला तोच नंबर, आणि पट्टी कुलपाच्या ड्रॉवरमध्ये. कानिफच्या टेबलावर यायची ती बिनडोक्याची पत्रं. रोग्याची अब्रू ती आपली अब्रू, शेठ म्हणायचे. उत्तर लिहून झालं की शेठ ड्रॉवर उघडून पाकिटावर पत्ता घालायचे. असं करत कानिफनं तीन वर्षांत किती माणसांची दुःखं वाचली असतील, आणि त्यातल्या एकाचंही तोंड त्याला माहीत नव्हतं. सुरुवातीला त्याला रात्री झोप लागायची नाही. कुणी लिहायचं, लग्न ठरलंय, जीव द्यावा वाटतो. कुणी लिहायचं, बायको माहेरी गेली ती आली नाही. मग हळूहळू सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हे वाक्य लोक समाधानानं म्हणतात. खरं तर त्याची धास्ती वाटायला पाहिजे.

"वाच की," गोजरबाई म्हणाली. "कितीबी वंगाळ असंल तरी वाच. कुनी दुसरी बाई हुती का त्यांची?"

म्हणजे हे होतं तर. छत्तीस-सदतीस वर्षं हे तिच्या पोटात होतं. दाजींचं, पुंजारामांचं, आणि तिचं लग्न होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, मूल नव्हतं, तेव्हाची गोष्ट. दाजी दर साल दिवाळीनंतर कोयता घेऊन इकडं उसावर यायचे, आणि एका साली परत गेले ते बिऱ्हाड घरात न उतरवता शेतातल्या छपरातच उतरवलं. जेवायला घरी, निजायला शेतात. भांडण नाही, मारहाण नाही, आवाज चढवणंही नाही. बाजारातून तिच्यासाठी बांगड्या आणायचे आणि उंबऱ्यावर ठेवून निघून जायचे. सासू म्हणायची, वांझेच्या अंगाला कोण हात लावील. त्या उन्हाळ्यात ती माहेरी आली होती आणि कानिफही सुट्टी काढून गेला होता. भांडी घासता घासता, मान वर न करता, तिनं त्याला सांगितलं होतं. आई-बापाला सांगायची लाज, म्हणून भावाला. आणि भाऊ काय म्हणाला? तो शब्द न् शब्द आता त्याला आठवला. मांडीवर कागद, समोर बहीण, आणि आठवणीला तरी काही लाज! तो म्हणाला होता, "तूच काहीतरी बोलली असशील. पुरुषाचं मन सांभाळावं लागतं, आक्का." पुरुषाचं मन! त्याच्या टेबलावर रोज दीडशे पुरुषांची मनं पडायची ना, तो त्या विषयातला जाणकार. राख घेऊन तिनं तेच भांडं परत घासलं होतं.

तेव्हा त्यानं वाचलं. दुसरा इलाजच नव्हता. सूचनेच्या चार ओळी त्यानं सपाट आवाजात वाचल्या, तलाठी नोटीस वाचतो तशा. "औषधाचा गुण अंगी लागण्यासाठी पत्नीपासून संपूर्ण अलग राहावे. एका छपराखाली निजू नये. तिला कारण सांगू नये. हे पथ्य आमचे पुढील पत्र येईपर्यंत पाळावे."

गोजरबाईनं ते ऐकलं. बाहेर सोसायटीच्या गेटवर भंगारवाला लाउडस्पीकरवर तेच तेच ओरडत होता. तिचे ओठ हलत होते, ती त्या ओळी मनात परत म्हणत असावी. न शिकलेल्या माणसाचं पाठांतर असतं तसं, एकदा ऐकलं की गेलं नाही. मग तिनं विचारलं, म्हंजी ते औषिद घेत हुते? तो म्हणाला, व्हय. पथ्य म्हनून तिकडं निजायचे? व्हय. आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिचा चेहरा बदलला. सहासष्ट वर्षांच्या त्या रापलेल्या चेहऱ्यावर असं काही आलं की कानिफला तिकडं बघवेना. आनंद होता तो. सरळ सरळ आनंद. "म्हंजी मी नकोशी नव्हते," ती म्हणाली, त्याला नाही, स्वतःलाच.

कानिफनं कागदाची घडी घातली. त्याला वाटलं, इथंच थांबावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. हिला जे पाहिजे होतं ते मिळालं. दुसरी बाई नव्हती, राग नव्हता, एक आजार होता, एक पथ्य होतं, कुणीतरी वैद्य होता. वैद्य कोण, कशाला सांगा? त्या चार ओळी शेठच्या नव्हत्या हो. तीच तर खोच होती. छापील पुस्तिकेत होतं ते 'संयमाने राहावे' एवढंच. पण गुण येत नाही अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा शेठ म्हणाले, असं काहीतरी काढ की दोष बाटलीवर येता कामा नये. आणि कानिफनं, ज्याचं तेव्हा लग्नसुद्धा झालं नव्हतं, ज्याला बाईमाणसाच्या शेजारी निजणं म्हणजे काय हे ऐकूनच माहीत होतं, त्यानं दुपारभर विचार करून ती चार वाक्यं जुळवली. 'तिला कारण सांगू नये' हे तर त्याला फारच भारी वाटलं होतं. त्यानं त्या सूचनेला वजन आलं. आणि 'पुढील पत्र येईपर्यंत' ही शेठच्या लेखी कमालच, कारण पुढील पत्र पुढच्या बाटल्यांची मागणी आल्याशिवाय जायचंच नाही. शेठनं पाठ थोपटली होती. पाठीवरची ती थाप त्याला कितीतरी वर्षं सुखाची वाटत आली होती.

डब्यात अजून काही होतं. गोजरबाईनं तळातून तीन निळी अंतर्देशीय पत्रं काढली, चिकटवलेली, न फोडलेली. वर दुकानाचा पत्ता, त्यावर पोस्टमननं तांबड्या पेन्सिलीनं मारलेली आडवी रेघ आणि 'दुकान बंद. परत.' शेठ अठ्ठ्याऐंशी साली छातीत कळ येऊन गेले, पोरांनी जागा विकली, तिथं आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथं वैद्य आधी मेला आणि गरज तशीच राहिली. ही कुनाची, गोजरबाईनं विचारलं. दाजींची, तो म्हणाला. त्यांनी पाठवली, ती माघारी आली. तिनं पत्रं हातात घेतली, उलटसुलट केली, एकावरून अंगठा फिरवला. नवऱ्याचं अक्षर ती पहिल्यांदाच बघत होती. तोही, ते दाजींचं आहे हे ठाऊक असताना, पहिल्यांदाच बघत होता. दाजी कधी लिहीत नसत. लिहायचा तो कानिफच, दिवाळीला, राखीची ओवाळणी धाडताना, आणि दाजी ते तिला वाचून दाखवायचे. फोड, ती म्हणाली.

दोन पत्रांत फारसं नव्हतं. बाटल्या मागवल्या होत्या आणि पथ्य चालू आहे असं कळवलं होतं. तिसरं लांब होतं. शाळा सोडून वीस वर्षं झालेल्या माणसानं जोर लावून लिहिलेलं, पत्रात लिहितात तशा भाषेत. कानिफ वाचू लागला. "वैद्यराज यांस नमस्कार. आपले पुढील पत्र आले नाही. दीड वर्ष झाले. पथ्य चालू ठेवू का सोडू ते कळवावे. आई म्हणते दुसरी कर. मला दुसरी नको, हीच चांगली आहे. ती रात्री दिवा लवकर मालवत नाही, ते मला शेतातून दिसते. तिला कारण सांगितलेले नाही." इथं कानिफची नजर पुढच्या ओळीवर गेली आणि त्यानं ती गाळली. गाळण्यात तो तरबेज होता. जीभसुद्धा अडखळली नाही. "तरी लवकर उत्तर द्यावे. आपला, पुंजाराम."

"दिव्याचं परत वाच," ती म्हणाली. त्यानं वाचलं. मग 'दुसरी नको' परत वाचायला लावलं. तेही वाचलं. ती रडली नाही. पदराच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत बसली, आणि सांगत गेली, की दिवा ती मुद्दाम ठेवायची, कधी अंधारात यावंसं वाटलं तर पायरी दिसावी म्हणून. मग सासू तेलावरून बोलायला लागली तसा बंद केला. पुढं वीज आली. पुढं काय, पुढं वय झालं. शेवटच्या आजारात तो तिनं घरात आणला तेव्हा पहिले दोन दिवस दाराकडंच बघायचा, कुणी काही म्हणेल अशासारखा. आणि तिला वाटलं होतं, मरताना सुद्धा याला आपल्याजवळ नको वाटतंय.

कानिफला दाजी आठवत होते. कानिफच्या लग्नानंतरच्या वर्षी उसाच्या हंगामात ते इथं आले होते, जुन्या भाड्याच्या खोलीवर. उसाचा चिकटा अंगाला, पटका गुडघ्यावर, खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून खाली बसले. उगाच इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, तुमचं ते औषधाचं दुकान बंद झालं म्हनं. हा म्हणाला, व्हय, शेठ गेले. मग पत्रं? पत्रं पोरांनी बंबात घातली दाजी, महिनाभर अंघोळीचं पाणी तापलं. हसला होता तो. दाजीही हसले थोडे. मग जमिनीकडं बघत विचारलं, आन् ज्यांची औषिदं चालू हुती, त्यांनी कसं करायचं? आणि हा बायकोनं आणलेला चहा त्यांच्या पुढं सरकवत म्हणाला होता, त्यांचं ते जाणोत, आपलं काय जातंय. दाजी बरं म्हणाले. चहा पिऊन उठले. दारात जरा थांबले होते. हा त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेला होता, इतकंच.

"त्यो वैद्य हाय का जित्ता?" गोजरबाईनं विचारलं. "मला त्याला भेटायचंय."

कशाला, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, काय न्हाई, त्याचं तोंड बघायचंय. मानूस इतकी वर्सं पत्राची वाट बघतं, त्याला दोन वळी लिवायला काय झालं हुतं. हे ती रागानं म्हणत नव्हती. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. आणि कानिफला कळून चुकलं की आता मूठ झाकली, तर ही बाई उरलेलं आयुष्य त्या वैद्याला शोधत काढील, स्टँडवर, बाजारात, प्रत्येक म्हाताऱ्या तोंडात. आणि दिवाळीला याच्या घरी येऊन, याला ओवाळून, याच्याच ताटावर बसून त्याला शिव्या देईल. ते त्याला सहन होणार नव्हतं. खरं सांगायचं तर तिच्यासाठी नव्हे, स्वतःसाठीच तो बोलला. माणूस कबुली देतो तीसुद्धा पुष्कळदा स्वतःच्याच सोयीनं.

"वैद्य नव्हताच, आक्का. पत्रं मी लिहायचो. हे अक्षर माझं हाय."

मग त्यानं रीत सांगितली, कात्रीची, नंबरांची. मला ठाऊक नव्हतं ते दाजी हायेत, नाव कापलेलं असायचं. देवाची शपथ घ्यावी तशी तो कात्रीची शपथ घेत होता. ती मध्येच म्हणाली, मगा तू येक वळ खाल्लीस. त्याला वाटलं ऐकायला चुकलं. ती म्हणाली, सांगितलेलं न्हाई म्हनलास आन् दम खाल्लास. काय हाय तितं? नाही शिकली ती, पण त्याचा परवचा तिनं ऐकलेला होता.

त्यानं पत्र परत उघडलं. कागद टेबलावर ठेवला आणि वाचलं. "आपले अक्षर मी ओळखतो. आमच्या घरी दिवाळीस पत्र येते त्यात हेच असते. आपण ओळख दाखविली नाही, मीही दाखवीत नाही, दोघांची अब्रू राहिली. आपण आपल्या बहिणीच्या संसाराचे वाईट सांगणार नाही, एवढ्या भरवशावर पथ्य पाळतो आहे."

भंगारवाला गेला होता. स्वयंपाकघरात फ्रीज घुर्र करून बंद पडला, तेवढाच आवाज. गोजरबाईनं पाण्याचा तांब्या ओढून घेतला, दोन घोट प्यायली, तोंड पुसलं. मग अगदी हळू, लहानपणी विचारायची तशी, तिनं विचारलं, हे पत्र येळंवर पोचलं असतं तर? तर तू काय लिवलं असतंस? आणि त्याला दिसलं की ती त्याला वाट करून देतेय. आत्ता तो म्हणाला असता, की लगेच धावत आलो असतो आक्का, दाजींच्या पाया पडलो असतो, तर तिनं ते ऐकून घेतलं असतं. मानलंही असतं कदाचित. वाक्यं तर तयारच होती. वाक्यांची त्याला कधी वाण पडली नव्हती. पण त्याला ते टेबल दिसत होतं, दुपारचे तीन, पोतंभर टपाल, डाव्या हाताला नवे रोगी, उजव्या हाताला जुने. नवी पत्रं वाचायची. जुन्यांचा नुसता नंबर.

"वाचलंच नसतं, आक्का," तो म्हणाला. "जुन्या रोग्याचं पत्र आमी वाचत नव्हतो. नंबर बघायचा, आन् लिहायचं. पथ्य चालू ठेवा, आणखी तीन बाटल्या."

मग गोजरबाईनं तिन्ही निळी पत्रं उचलली, घडीवर घडी घालून कनवटीला खोचली. फॉर्म तसेच टेबलावर ठेवले. डबाही ठेवला. उठताना गुडघ्यावर हात टेकून ती थोडी थांबली, त्यानं आधाराला हात पुढं केला, तो तिनं धरला नाही, झटकलाही नाही. जेवून जा, सून शाळेत शिकवते, येईल एवढ्यात, तो म्हणाला. न्हाई. मी स्टँडवर येतो. न्हाई. दारात तिनं चपला घातल्या. एक पट्टा बसेना, तो वाकून बसवला, आणि मग त्याच्याकडं बघून म्हणाली,

"इतकी वर्सं त्यांच्यावर राग धरला, कानिफ. त्यो फुकट गेला. आता तुझ्यावर धरायचा, तर तेवढी वर्सं माझ्यापाशी ऱ्हायली न्हाईत."

लिफ्ट तिला चालवता येत नव्हती. ती जिन्यानं उतरली, एकेक पायरी, कठड्याला धरून. तो दारात उभा राहून तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत तिच्या चपलांचा आवाज ऐकत राहिला. खाली पोचल्यावर तिनं वॉचमनला नगरची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.